बॉब कूझी आणि चेंडू देण्याची विद्या

ज्या खेळाचें नांवच टोपलीवरून पडलें, त्या खेळांत टोपलींत चेंडू टाकणाराकडे सर्वांचे डोळे लागावेत यांत नवल नाहीं. तो चेंडू ज्यानें त्याच्या हातीं नेऊन दिला, त्याची आठवण टाळ्यांच्या गजरांत कोणास राहत नाहीं. पण बास्केटबॉलचा जन्म पाहिला, तर त्यांत देण्यालाच मोठा मान होता असें दिसतें. १८९१ च्या डिसेंबरांत अमेरिकेंतील स्प्रिंगफील्ड गांवीं वाय. एम. सी. ए. च्या शिक्षणसंस्थेंत जेम्स नेस्मिथ यांनीं हिंवाळ्यांत घरांत खेळतां यावा म्हणून हा खेळ रचला. त्यांनीं तेरा नियम लिहून काढले आणि व्यायामशाळेच्या सज्जाला पीच फळांच्या दोन टोपल्या ठोकल्या. वर्गांत विद्यार्थी अठरा, म्हणून नऊ-नऊ जणांचे दोन पक्ष झाले. तेरा नियमांतील एक असा होता कीं, चेंडू हातीं आल्यावर तो घेऊन धांवतां कामा नये; जेथें मिळाला तेथूनच तो फेंकला पाहिजे. म्हणजे पुढें जाण्याला सोबत्यावांचून दुसरा रस्ताच नव्हता.

खेळाडूंनीं यांतून लवकरच पळवाट काढली. कोंडींत सांपडलेला खेळाडू चेंडू जमिनीवर आपटून स्वतःच पुन्हां पकडूं लागला; आपण आपल्यालाच चेंडू दिला, असा त्याचा युक्तिवाद. येल विद्यापीठाच्या खेळाडूंनीं १८९० नंतरच्या दशकांत हें टप्पे देत पुढें जाणें, म्हणजेच ड्रिबल, रूढ केलें. शिस्तीच्या मंडळींना तें कित्येक वर्षें रुचलें नाहीं. १९२७ सालीं नियम-समितीनें खेळाडूला एकाच टप्प्याची मुभा ठेवण्याचा ठराव केला. त्यावर क्रीडाशिक्षकांनीं एवढी ओरड केली कीं ठराव मागें घ्यावा लागला, आणि त्या ओरडींतूनच अमेरिकेंतील बास्केटबॉल-शिक्षकांची संघटना जन्मास आली. तो ठराव टिकता, तर पुढील सर्व हकीकत घडलीच नसती.

पुढें संघ पांच जणांचा ठरला. दोन फॉरवर्ड, एक सेंटर आणि दोन गार्ड. गार्ड म्हणजे राखणदार. आरंभीं त्यानें आपल्या टोपलीजवळ राहून समोरच्या पक्षाला अडवावें एवढीच अपेक्षा असे. परंतु चेंडू मागच्या अर्ध्या मैदानांतून पुढें आणावयाचा तो त्यानेंच, आणि चेंडू आणणाराला सर्व मैदान समोर दिसतें. तेव्हां कोणी कोठें धांवावें, चेंडू कोणाकडे कधीं जावा, हें ठरविण्याचें कामही हळूहळू त्याच्याकडे आलें. नांव राखणदाराचें राहिलें आणि काम सूत्रधाराचें झालें. असा सूत्रधार मुलांच्या घोळक्यांतून ओळखावा कसा, हा प्रश्न शाळा-कॉलेजांच्या शिक्षकांपुढें तेव्हांपासून आहे. त्याला किती जाणत्या माणसांनीं किती वेळां चुकीचें उत्तर दिलें, हें बॉब कूझी या खेळाडूच्या चरित्रांत जितकें स्वच्छ दिसतें तितकें क्वचित् दुसरीकडे दिसेल.

कूझीचा जन्म ९ ऑगस्ट १९२८ रोजीं न्यूयॉर्क शहरांत झाला. आईबाप फ्रान्समधून आलेले. बाप टॅक्सी चालवी. घरांत फ्रेंच बोलली जाई, त्यामुळें मुलाचें इंग्रजी उशिरा सुरू झालें आणि त्यांत बोबडेपणा राहिला. मॅनहॅटनच्या पूर्वेकडील गरीब वस्तींतून हें कुटुंब क्वीन्स भागांतील सेंट ऑल्बन्स येथें राहावयास गेलें, आणि तेथें तेरा वर्षांच्या सुमारास मुलाला बास्केटबॉलचें वेड लागलें. अँड्र्यू जॅक्सन हायस्कुलाच्या संघाच्या निवडीला तो उभा राहिला आणि नाकारला गेला. त्या भागांतील एका वर्तमानपत्रानें चालविलेल्या मुलांच्या सामन्यांत तो वर्षभर खेळला, थोडा तयार झाला, पुन्हां निवडीला गेला आणि पुन्हां नाकारला गेला.

येथें शाळेच्या शिक्षकांना दोष देणें सोपें आहे. पण निवड कशी होते तें पाहिलें पाहिजे. मोठ्या शाळेंत मुलांची झुंबड उडते. प्रत्येकाला दोन-चार मिनिटें मिळतात, आणि तेवढ्यांत त्याला आपली उंची, धांव, उडी व टोपलीवरचा नेम एवढेंच दाखवितां येतें. एकमेकांना न ओळखणारीं दहा मुलें मैदानांत सोडलीं म्हणजे ज्याच्या हातीं चेंडू येतो तो स्वतःच टोपलीवर फेंकतो. तसें न करील तर दिसेल कसा? अशा गर्दींत चेंडू देणाऱ्या मुलाची विद्या उघडी पडण्यास जागाच नसते. त्याला ओळखीचे चार सोबती लागतात, त्यांचे पाय कोठें वळतील हें कळण्यास कांहीं दिवस लागतात. गवयाची परीक्षा त्याला एकच सूर लावावयास सांगून करावी, तसा हा प्रकार होतो. सूर खरा लागला हें कळेल, राग मांडतां येतो कीं नाहीं तें कळणार नाहीं.

ज्या वर्षीं तो दुसऱ्यांदां नाकारला गेला, त्याच वर्षीं कूझी झाडावरून पडला आणि त्याचा उजवा हात मोडला. दुसरा कोणी मुलगा घरीं बसता. हा डाव्या हातानें खेळत राहिला. उजवा हात बरा होईपर्यंत डावा त्याच्या बरोबरीचा झाला होता. एके दिवशीं शाळेचे बास्केटबॉल-शिक्षक मुलांचा खेळ पाहत असतां दोन्ही हातांनीं चेंडू खेळविणारा हा पोर त्यांच्या नजरेंत भरला. त्यांनीं त्याला दुसऱ्या दिवशीं सरावाला बोलाविलें आणि धाकट्या संघांत घेतलें. मोडलेल्या हाताला कूझीनें पुढें आपलें भाग्य म्हटलें आहे, आणि तें अक्षरशः खरें आहे. ज्याला एकच हात चालतो, त्याची अर्धी वाट प्रतिपक्षाला आधींच ठाऊक असते. त्या बाजूला उभें राहिलें कीं काम झालें. दोन्ही हात चालणाराला असें कोंडतां येत नाहीं. आजही कोणत्याही मैदानावर लहान गार्डांना प्रथम डाव्या हातानें टप्पे द्यावयास लावतात, तें याचसाठीं.

वरच्या संघांत जाण्याची वेळ आली तेव्हां तो नागरिकशास्त्रांत नापास झाला आणि अर्धें वर्ष बाहेर बसला. शिक्षणखात्याचा हा नियम योग्यच म्हटला पाहिजे. परत आल्यावर पहिल्याच सामन्यांत त्यानें २८ गुण केले, आणि शेवटच्या वर्षीं न्यूयॉर्कच्या शाळांतील कोणत्याही मुलापेक्षां अधिक गुण मिळविले. ही गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. लोकांनीं त्याला ओळखलें तें शेवटीं गुणांवरूनच. देणारा म्हणून अजून कोणीं ओळखलें नव्हतें.

बॉस्टन कॉलेजला तो हवा होता, पण त्या कॉलेजांत तेव्हां विद्यार्थ्यांच्या राहण्याची सोय नव्हती. म्हणून १९४६ सालीं तो वुस्टर येथील होली क्रॉस कॉलेजांत गेला. तेथील शिक्षक ॲल्विन ज्यूलियन हे शिस्तीचे गृहस्थ. त्यांनीं संघाच्या दोन तुकड्या केल्या होत्या आणि त्या आळीपाळीनें मैदानांत उतरवीत. कूझी दुसऱ्या तुकडींत. चमकदार खेळाविषयीं ज्यूलियन यांना संशय होता, आणि तो अगदींच निराधार नव्हता, कारण त्याच वर्षीं, १९४७ सालीं, होली क्रॉसनें ओक्लाहोमाचा ५८–४७ असा पराभव करून राष्ट्रीय अजिंक्यपद मिळविलें, आणि त्या विजयांत कूझीचा हात फारसा नव्हता. मुलाचा धीर सुटला. त्यानें सेंट जॉन्स विद्यापीठाचे नामांकित शिक्षक जो लॅपचिक यांना पत्र लिहून तिकडे येण्याची इच्छा दर्शविली. लॅपचिक यांना आयता गुणी खेळाडू मिळत होता. तरी त्यांनीं उलट टपालीं त्याला आहे तेथेंच राहण्याचा सल्ला दिला, आणि ज्यूलियन हे देशांतील उत्तम शिक्षकांपैकीं आहेत, त्यांच्या हाताखालीं शिकण्याचें महत्त्व पुढें कळेल, असें समजाविलें. पदरांत पडणारें फळ दुसऱ्याच्या झाडाला पुन्हां लावून देणारी अशी माणसें क्रीडाक्षेत्रांत थोडीं.

याच कॉलेजाच्या काळांतील एक प्रसंग पुढें फार गाजला. बॉस्टन गार्डनमध्यें शिकागोच्या लोयोला संघाशीं सामना चालला होता आणि शेवटचे क्षण उरले होते. कूझी उजवीकडून टोपलीकडे निघाला. प्रतिपक्षाचा खेळाडू त्या बाजूस असा चिकटून उभा कीं वाट नाहीं. कूझीनें चेंडू आपल्या पाठीमागून टप्पा देऊन डाव्या हातांत घेतला आणि डाव्याच हातानें टोपलींत टाकून सामना जिंकला. ही युक्ति आपण पूर्वीं कधीं घटविली नव्हती, असें तो सांगे. न्यायाची गोष्ट म्हणून हेंही सांगितलें पाहिजे कीं पाठीमागून टप्पा देणें त्याच्या पूर्वीं सीटन हॉलच्या बॉब डेव्हिसला साधलें होतें, आणि टप्प्याच्या कौशल्यांत हार्लेम ग्लोबट्रॉटर्समधील मार्केस हेन्स हा कोणाला हार जाणारा नव्हता. हेन्स वर्णानें काळा. अमेरिकेंतील धंदेवाईक लीगचे दरवाजे १९५० पर्यंत काळ्या खेळाडूंना बंद होते. ज्यांची परीक्षाच घेतली गेली नाहीं, अशांची गणती कोण करणार?

धंदेवाईक संघ दर वर्षीं कॉलेजांतून बाहेर पडणाऱ्या खेळाडूंची वांटणी करून घेतात. तिला तेथें ड्राफ्ट म्हणतात. १९५० सालीं पहिला हक्क बॉस्टन सेल्टिक्सचा होता. हा संघ आदल्या मोसमांत ६८ पैकीं केवळ २२ सामने जिंकला होता आणि प्रेक्षक पाठ फिरवूं लागले होते. कूझी त्या प्रांताचा लाडका. त्याच्या शेवटच्या वर्षीं होली क्रॉसनें सलग २६ सामने जिंकलेले. त्यालाच घेणार असें सगळे धरून चालले होते. सेल्टिक्सचे नवे शिक्षक रेड अवरबॅक यांनीं मात्र बोलिंग ग्रीन कॉलेजच्या चार्ली शेअरला उचललें. शेअरची उंची सहा फूट अकरा इंच, कूझीची सहा फूट एक इंच. वार्ताहरांनीं जाब विचारला, तेव्हां मला सामने जिंकावयाचे आहेत कीं गांवच्या भाबड्या मंडळींची मर्जी राखावयाची आहे, असा अवरबॅक यांनीं उलट सवाल केला.

त्याच ड्राफ्टमध्यें दुसऱ्या फेरींत सेल्टिक्सनीं चक कूपर याला घेतलें. लीगनें निवडलेला हा पहिला काळा खेळाडू. एका दिवसांत एकाच संघानें एका बाबतींत असा डोळसपणा दाखवावा आणि दुसरींत डोळे मिटावे, हें विलक्षण आहे. कूपर आणि कूझी पुढें सोबती झाले. एकदां दक्षिणेंत रॅले शहरीं कूपरला हॉटेलांत जागा नाकारली गेली, तेव्हां रात्रीच्या गाडीनें त्याच्याबरोबर निघून गेलेला कूझीच होता.

ड्राफ्टमध्यें कूझी ट्राय-सिटीज ब्लॅकहॉक्स या संघाच्या वांट्याला गेला. त्यानें १०,००० डॉलर मागितले. मालक बेन कर्नर ६,००० वर अडून बसले. कूझीचें वुस्टरमध्यें मोटार शिकविण्याची शाळा काढण्याचें घाटत होतें, त्याला घाई नव्हती. त्याचा हक्क शिकागो स्टॅग्जकडे गेला, आणि मोसम सुरू होण्यापूर्वींच स्टॅग्ज संघ बुडाला. त्याचे तीन खेळाडू तीन संघांत वांटावयाचे होते. मॅक्स झास्लोफ्स्की, अँडी फिलिप आणि कूझी. पहिले दोघे कसलेले, म्हणून प्रत्येकाला तेच हवे. वाद मिटेना तेव्हां तीन नांवें टोपींत टाकून चिठ्ठ्या काढल्या. न्यूयॉर्कला झास्लोफ्स्की मिळाला, फिलाडेल्फियाला फिलिप. सेल्टिक्सचे मालक वॉल्टर ब्राउन यांच्या हातीं कूझी आला आणि त्यांचा चेहरा पडला. त्यांनीं कूझीला ९,००० डॉलरवर ठेवून घेतलें.

शेअरचें पुढें काय झालें, हेंही सांगण्यासारखें आहे. तो सेल्टिक्सकडून एकही सामना खेळला नाहीं. १९५१ सालीं त्याचा हक्क फोर्ट वेनला देऊन बॉस्टननें बिल शारमन आणि बॉब ब्रॅनम हे दोघे घेतले, आणि तो शारमन नेमबाज गार्ड म्हणून पुढें दहा वर्षें कूझीचा जोडीदार झाला. एका चुकीच्या निवडीची किंमत दुसऱ्या चिठ्ठीनें आणि तिसऱ्या सौद्यानें वसूल झाली. एरवीं अशा ठिकाणीं अवरबॅकांना हंसण्याची वहिवाट आहे. परंतु उंच सेंटरवांचून अजिंक्यपद नाहीं, हें त्यांचें म्हणणें खरेंच होतें. फक्त शेअर हा तो सेंटर नव्हता. उंच माणूस हवा म्हणून उंची घ्यावी, इतका साधा हा हिशेब नाहीं. गार्डांच्या बाबतींत तर तो पुढेंही चुकत आला. १९८४ सालीं जॉन स्टॉक्टनला पंधरा नांवांनंतर घेतलें, आणि त्यानें कारकीर्दींत १५,८०६ असिस्ट करून विक्रम केला; १९९६ सालीं स्टीव्ह नॅशला चौदा नांवांनंतर घेतलें, आणि तो २००५ व २००६ असा लागोपाठ दोनदां लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला.

असिस्ट म्हणजे ज्या चेंडूवर सोबत्यानें लागलीच टोपली केली तो पास. अवरबॅक यांच्यापुढें आलेल्या कूझीचे पास पहिल्या दिवसांत सोबत्यांना झेपत नसत. तो एकीकडे पाही आणि चेंडू दुसरीकडे सोडी. ज्याला द्यावयाचा त्यालाही आपल्याकडे येत आहे हें कळत नसे, आणि चेंडू हातांतून निसटे किंवा अंगावर आदळे. येथें अवरबॅक यांचें खरें शिक्षकपण दिसतें. त्यांनीं चमत्कृतीला बंदी घातली नाहीं, पण कसोटी बदलली: पास कसाही दे, मात्र ज्याच्यासाठीं तो आहे त्यानें तो पकडला पाहिजे. ही अट ऐकावयास लहान, पण तिनें सगळी जबाबदारी देणारावर टाकली. सोबत्याचे हात मंद असतील तर पास हळू जावा. तो डावखोरा असेल तर चेंडू डाव्या बाजूस यावा. तो धांवत असेल तर चेंडू तो आहे तेथें न जातां तो दोन पावलांनीं जेथें असेल तेथें जावा. कूझीला निसर्गानें लांब हात, मोठे पंजे, उतरते खांदे आणि डोळे न वळवितां दोन्ही बाजूंचें टिपणारी दृष्टि दिली होती. पण प्रत्येक सोबत्याचा वेग व संवय मनांत मांडून ठेवणें हें निसर्गाचें देणें नव्हे. तें सरावानें आलें.

पहिल्याच मोसमांत सेल्टिक्स २२ विजयांवरून ३९ वर गेले. त्यांत नव्यानें आलेला सेंटर एड मकॉले याचाही मोठा वांटा होता. १९५२–५३ पासून १९५९–६० पर्यंत सलग आठ मोसम असिस्टमध्यें कूझी लीगमध्यें पहिला राहिला. २१ मार्च १९५३ रोजीं सिरॅक्यूजविरुद्ध चार जादा डाव खेळावे लागले, तेव्हां त्यानें ५० गुण केले. त्यांपैकीं ३० फ्री थ्रोचे, आणि फ्री थ्रो घेतले होते ३२. त्या काळीं आघाडी मिळाली कीं चेंडू खेळवीत वेळ काढण्याची रीत होती. २२ नोव्हेंबर १९५० रोजीं फोर्ट वेननें मिनिआपोलिसला १९–१८ असें हरविलें होतें, त्यावरून प्रेक्षकांच्या कंटाळ्याची कल्पना येईल. १९५४ सालीं सिरॅक्यूजचे मालक डॅनी बियासोन यांच्या सूचनेवरून चोवीस सेकंदांत चेंडू टोपलीवर फेंकलाच पाहिजे असा नियम झाला. संघांची सरासरी एका मोसमांत ७९.५ वरून ९३.१ गुणांवर चढली. चटकन् विचार करणाऱ्या गार्डाचें मोल या घड्याळानें दुप्पट केलें.

तरीही १९५६ पर्यंत अजिंक्यपद नाहीं. सेल्टिक्स गुण पुष्कळ करीत, पण आपल्या फळ्यावरून उसळलेला चेंडू त्यांना मिळत नसे. आणि चेंडूच हातीं नसेल तर सूत्रधार काय करणार? त्या वर्षीं अवरबॅक यांनीं मकॉले आणि क्लिफ हेगन हे दोघे सेंट लुइस हॉक्सला देऊन बिल रसेल याचा हक्क मिळविला. हॉक्सचे मालक होते तेच बेन कर्नर. सहा वर्षांपूर्वीं कूझी ज्यांच्या हातून सुटला, त्यांच्याच हातून रसेलही बॉस्टनला आला. रसेल उसळता चेंडू पकडी आणि पाय जमिनीला लागतात न लागतात तोंच बाजूला उभ्या असलेल्या कूझीकडे फेंकी. कूझी मध्यरेषेनें धांवे, दोन सोबती दोन कडांनीं. समोर एक-दोन राखणदार उरलेले असत. त्यांतला कोणता आधीं हलतो एवढीच कूझी वाट पाही. जो हलला त्यानें सोडलेल्या माणसाकडे चेंडू गेलाच. पाहणाराला जादू वाटे, पण ती शेवटच्या अर्ध्या क्षणापर्यंत चेंडू न सोडण्याची धीरगंभीर सहनशक्ति होती. १९५७ सालीं सेल्टिक्स प्रथम अजिंक्य झाले आणि कूझी लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. २७ फेब्रुवारी १९५९ रोजीं मिनिआपोलिसवर १७३–१३९ असा विजय मिळाला, त्यांत त्यानें २८ असिस्ट केले. १९५९ पासून १९६३ पर्यंत पांच वर्षें अजिंक्यपद बॉस्टनकडेच राहिलें.

२४ एप्रिल १९६३ रोजीं लॉस एंजल्समध्यें त्याचा सेल्टिक्सकडून शेवटचा सामना झाला. चौथ्या डावांत घोटा मुरगळून तो बाहेर गेला, पाय बांधून परत आला, आणि ११२–१०९ अशा विजयाची शिटी झाली तेव्हां हातांतला चेंडू त्यानें छताकडे भिरकावून दिला.

त्याच वर्षीं बॉस्टन कॉलेजनें त्याला बास्केटबॉल-शिक्षक नेमलें. सतरा वर्षांपूर्वीं राहावयास खोली नसल्यामुळें त्याला ज्या कॉलेजांत जातां आलें नव्हतें, तेंच हें कॉलेज. आतां मुलांना घेण्याचा आणि नाकारण्याचा अधिकार त्याच्याकडे आला. सहा वर्षांत त्याच्या संघानें ११७ सामने जिंकले आणि ३८ गमावले. त्यांतला शेवटचा १९६९ सालचा, न्यूयॉर्कच्या निमंत्रण स्पर्धेची अंतिम लढत. ती टेम्पल विद्यापीठानें जिंकली.